हिरड्यांना हृदयाचा जामीन कशाला?

हैदराबादच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळेच्या आसपास अजूनही काही जुनी मराठी घरं आहेत. मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला आलेली आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तरी इथेच राहिलेली. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ ही शाळा १९४० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या घरांतली मुलं तिथे शिकत आली. अशाच एका घरातले काका आणि पुतणी यांचा हा वाद आहे.

काका औषधनिर्मितीतले. बालानगर आणि जिडिमेटला इथल्या बल्क ड्रगच्या कारखान्यांत त्यांची नोकरी झाली. हृदयात एक स्टेंट आहे, आणि रोज रात्री ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी ते न चुकता घेतात. पुतणी दातांची डॉक्टर, त्यातही हिरड्यांच्या विकारांची. काकांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, आणि दाखवायला ते तयार नाहीत. नकार आळसाचा नाही. पुतणी देते ते कारण त्यांना पटत नाही, म्हणून आहे.

पुतणी : काका, रक्त येतं ना अजून? काकू म्हणत होत्या.

काका : येतं थोडं. या वयात येणारच.

पुतणी : वयाने केस पांढरे होतात. हिरड्यांतून रक्त येतं ते सूज असते म्हणून. त्यातून तुमच्या हृदयात स्टेंट. हिरड्यांचा विकार आणि हृदयविकार यांचा संबंध आहे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

काका : संबंध आहे, मान्य. पण कसला? १९८९ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या शंभर जणांचे दात तपासले आणि शंभरेक धडधाकट माणसांचेही तपासले. ॲटॅकवाल्यांचे दात जास्त खराब निघाले. तिथून ही सगळी चर्चा पेटली. आता, पावसाळ्यात छत्र्या वाढतात आणि सर्दी-खोकलाही वाढतो. म्हणून छत्रीने खोकला होतो का?

पुतणी : त्या अभ्यासात त्यांनी धूम्रपान, मधुमेह, चरबी हे सगळं हिशेबात धरलं होतं.

काका : हिशेबात धरलं म्हणजे पुसलं गेलं असं नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्याही बिघडतात आणि रक्तवाहिन्याही. जर्दा, गुटखा, मधुमेह, गरिबी, सगळ्यांचं तेच. दोन्हीकडे एकच चोर हात मारतो. मग दोन घरांनी एकमेकांवर आळ घ्यायचा का?

इथे काकांचं म्हणणं ठाम आहे आणि बरोबरही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ दहा हजार लोकांच्या पाहणीत हिरड्यांचा विकार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका पाव हिश्शाने जास्त दिसला. २००० साली त्याच पाहणीचा हिशेब दुसऱ्या संशोधकांनी अधिक काटेकोरपणे मांडला, आणि त्यांना ठोस संबंध सापडला नाही. माहिती तीच, उत्तरं दोन.

काका : माझ्या गोळीचं तसं नाही. तिची गोष्ट ऐक. अकिरा एंडो नावाचे जपानी शास्त्रज्ञ. १९७१ मध्ये त्यांनी विचार केला की बुरशी आपल्या शत्रूंना मारायला पेनिसिलिन बनवते, तर कोलेस्टेरॉल तयार होणं थांबवणारंही काही बनवत असेल. दोन वर्षांत सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. शेवटी क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर हिरवी बुरशी कामाला आली. तिच्यातून मिळाली ती पहिली स्टॅटिन. बाजारात आलेली पहिली मात्र दुसऱ्या बुरशीतून काढलेली, १९८७ सालची.

पुतणी : गोष्ट छान आहे, पण छान गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. हे वाक्य तुमचंच.

काका : माझंच, आणि पुरावाही देतो. १९९४. स्कँडिनेव्हियातले ४,४४४ हृदयरोगी. निम्म्यांना सिमव्हॅस्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सव्वापाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं. नुसत्या गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली, औषधवाल्यांत १८२. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले, त्यामुळे धूम्रपान आणि गरिबी दोन्हीकडे सारखीच वाटली गेली. त्यानंतर जगभरात अशा चाचण्या होत राहिल्या आणि सगळ्यांची बेरीज एकच निघते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवलं की ॲटॅक, स्ट्रोक आणि तत्सम मोठी संकटं पाचात एकाने कमी होतात. तुझ्या हिरड्यांसाठी अशी एक चाचणी दाखव. हिरड्या साफ केल्या आणि ॲटॅक कमी झाले, अशी.

पुतणी : तशी मोठी चाचणी नाही.

काका : झालं तर मग.

पुतणी : झालं नाही. का नाही ते विचारा. हजारो माणसांच्या हिरड्यांत पू आहे हे माहीत असताना त्यांतल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं उपचार न देता ठेवायचं, असं कुठल्या डॉक्टरला करवेल? आणि दुसऱ्या गटालाही नुसतं एकदा साफ करून भागत नाही. तीन-चार महिन्यांनी परत बोलवावं लागतं, माणसं यायची थांबतात, काही जण बाहेरून साफ करून घेतात. गोळीची नक्कल करता येते. दात साफ केल्याचं नाटक रुग्णाला कसं करून दाखवणार?

काका : अडचण खरी आहे. पण अडचण म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळं साहित्य चाळून हेच लिहिलं : संबंध दिसतो, कारण-परिणाम सिद्ध नाही, आणि हिरड्यांच्या उपचाराने हृदय वाचतं असा पुरावा नाही.

पुतणी : मी तेच वाचून शिकले. पण मधल्या पायऱ्या तर आहेत! २००७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हिरड्यांचा गंभीर विकार असलेल्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटाचा कसून उपचार, दुसऱ्याची वरवरची सफाई. कसून उपचार झालेल्यांच्या रक्तवाहिन्या सहा महिन्यांनी जास्त चांगल्या फुलत होत्या. चिठ्ठ्या टाकूनच गट पाडले होते, काका.

काका : आणि उपचाराच्या दुसऱ्या दिवशी?

पुतणी : दुसऱ्या दिवशी बिघडल्या होत्या. हिरड्या खरवडल्यावर जंतू रक्तात जातात, सूज तात्पुरती वाढते. नंतर सुधारल्या.

काका : रक्तवाहिनी फुलणं म्हणजे ॲटॅक टळणं नव्हे. आमच्या धंद्यात अशी कितीतरी औषधं पाहिली, जी रिपोर्टमधला आकडा सुधारतात आणि माणसाला काही देत नाहीत.

पुतणी : मग सूज या गोष्टीकडेच बघा. २०१७ मध्ये दहा हजार हृदयरोग्यांवर एका इंजेक्शनची चाचणी झाली. ते कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त शरीरातली सूज उतरवतं. ॲटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून पंधरा टक्क्यांनी उतरले. म्हणजे रक्तवाहिनीतल्या आगीला चरबी हे जळण आहे हे खरं, पण आगही स्वतंत्रपणे विझवता येते. आणि ज्याच्या तोंडात हिरड्यांचा विकार पसरलाय, त्याच्या दातांभोवतीच्या सगळ्या जखमा एकत्र केल्या तर आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरतात असा अंदाज आहे. पायावर एवढी उघडी जखम असती तर तुम्ही दाखवायला गेला नसतात?

काका यावर थोडे थांबले. मलाही या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण संवाद इथे एका वळणावर येतो. पुतणी म्हणते ते शास्त्राला धरून आहे. सूज हा हृदयविकाराचा भाग आहे, आणि हिरड्यांचा विकार हा सुजेचा मोठा साठा आहे. पण त्या इंजेक्शनने जिवावर बेतणारे संसर्गही वाढले होते, आणि एका औषधाने सूज उतरवल्यावर जे झालं तेच दात साफ केल्यावर होईल असं गृहीत धरता येत नाही. पुतणीला हे माहीत आहे. तरी ती हृदयाचं नाव सोडत नाही, कारण दवाखान्यात तिने रोज पाहिलंय की हिरड्यांच्या नावाने कोणी येत नाही. दाढ ठणकली की येतात, दात हलायला लागला की येतात. हृदयाचं नाव काढलं की मात्र कान टवकारतात.

काका : तुमच्या दंतवैद्यांचा इतिहास मला माहीत आहे. विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९०० च्या सुमाराला लिहिलं की तोंडातली घाण साऱ्या रोगांचं मूळ. मग दोन-तीन दशकं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये संधिवात, वेड, अशक्तपणा, कशासाठीही चांगले दात उपटत सुटले. लाखो माणसं बोळकी झाली, रोग तसेच राहिले.

पुतणी : ते लाजिरवाणं होतं, म्हणूनच आमच्या विषयात आज सावधपणे लिहितात. पण भक्कम चाचणीच्या जोरावरही माणूस चुकतो, आणि त्याचा दाखला याच गावात आहे. अफझलगंजच्या इस्पितळातले डॉ. एडवर्ड लॉरी. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, असं त्यांचं ठाम मत. निजामाने पैसे दिले, १८८८ मध्ये एक आयोग, १८८९ मध्ये दुसरा. दुसऱ्यासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटनना बोलावलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने दखल घेतली. आणि १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय फडफडून एकदम बंद पडू शकतं.

काका : म्हणजे लॉरींचा अति-विश्वास नडला. हा दाखला माझ्या बाजूचा झाला गं.

पुतणी : दोघांच्याही. लॉरींनी श्वासाकडेच बघायला सांगितलं आणि हृदयाकडे बघणं सुटलं. तुम्ही एलडीएलच्या आकड्याकडे बघताय आणि तोंड सुटलंय.

मध्येच काकूंचा विषय निघाला. त्यांचाही एलडीएल वाढलेला, डॉक्टरांनी गोळी दिलेली. पायात गोळे येतात म्हणून त्यांनी ती बंद केली होती आणि फोनवर आलेल्या कुठल्याशा व्हिडिओप्रमाणे सकाळी तिळाचं तेल तोंडात धरून गुळण्या सुरू केल्या होत्या. तोंड साफ झालं की हृदय साफ, असं त्या व्हिडिओत होतं. इथे काका आणि पुतणी एका सुरात बोलले, आणि या संवादातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच.

पुतणी : काकू, तेलाच्या गुळण्यांनी काही बिघडणार नाही. पण गोळी सोडून नाही हो. हिरड्या साफ ठेवल्या म्हणून कोलेस्टेरॉल उतरत नाही. माझ्या विषयाच्या नावाने कोणी तुम्हाला गोळी सोडायला सांगत असेल, तर तो माझ्या विषयाचा माणूस नाही.

काका : आणि पाय दुखण्याचं सांगतो. इंग्लंडमध्ये २०२० साली ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडली होती अशा साठ जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास व्हायचा, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही होत होता. दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा गोळीतलं औषध नव्हतं. निम्म्या लोकांनी नंतर गोळी परत सुरू केली.

पुतणी : तरी स्नायू खरंच दुखत असतील, लघवी गडद होत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. क्वचित स्नायू खरोखर झिजतात. २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाची एक स्टॅटिन याच कारणाने जगभरच्या बाजारातून काढली. डॉक्टर गोळी बदलतील, मात्रा कमी करतील. आपल्या मनाने थांबवायचं नाही, एवढंच.

मग काकांनी त्यांच्या मते हुकमाचं पान काढलं.

काका : २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हृदयाचा धोका असलेल्या ऐंशीच्या आसपास लोकांपैकी निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना १० मिलिग्रॅम दिली. पेट स्कॅन काढले. जास्त मात्रेवाल्यांच्या हिरड्यांतली सूज चार आठवड्यांतच उतरली, आणि मानेच्या रक्तवाहिनीतली सूज उतरली तिच्याशी ती मेळ खात होती. तुमच्या बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयातसुद्धा २०१० च्या सुमाराला हिरडी आणि दात यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे पॉकेटमध्ये, सिमव्हॅस्टॅटिनचं जेल घालून हाड भरून येतं का ते पाहिलं, आणि फायदा दिसला. म्हणजे माझी गोळी तुझंही काम करते! मग तुझ्याकडे कशाला येऊ?

पुतणी : जेल आम्ही भरतो ते आधी दात मुळापर्यंत साफ करून. नुसतं जेल नाही. आणि बोस्टनच्या स्कॅनमध्ये सूज कमी दिसली, पॉकेट भरलं असं त्यांनी म्हटलेलं नाही. दातावरचं कीटण दगडासारखं असतं. ते गोळीने विरघळत नाही, ब्रशनेही निघत नाही. तुमची गोळी त्या कीटणाभोवतीची सूज थोडी शांत करत असेल, पण कीटण तिथेच. आणि तुमच्याच तर्काने बघा. तो अभ्यास दाखवतो तो सुजेचा आकडा. तुमचे दात वाचले का, हे त्यात कुठे आहे?

काका : हे मात्र खरं.

पुतणी : मग ऐका, काका. आजपासून मी तुमच्यापुढे हृदयाचं नाव काढत नाही. तुमच्या हृदयासाठी तुमची गोळी आहे, तिच्यामागे चाचण्या आहेत, ती घ्या. हिरड्यांसाठी मला हृदयाचा जामीन लागत नाही. हिरड्यांचा विकार दाताखालचं हाड खातो आणि ते हाड आपणहून परत येत नाही. समोरचे दात पंख्यासारखे पसरतात, चावता येत नाही, मऊमऊ खाणं सुरू होतं. मधुमेह असेल तर हिरड्यांच्या चांगल्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए-वन-सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, साधारण ०.४ ने खाली येतो, हे चाचण्यांत दिसलंय. एवढी कारणं पुरत नाहीत का?

काका : साफ केल्यावर दात हलायला लागतात म्हणतात.

पुतणी : हलत होतेच. कीटणाने एकमेकांना चिकटून उभे होते, म्हणून कळत नव्हतं.

काका दाखवायला गेले. तिथे जे निघालं, ते दोघांच्याही वादात नव्हतं. त्यांच्या हिरड्या नुसत्या सुजलेल्या नव्हत्या, दातांवर चढून वाढलेल्या होत्या. रक्तदाबासाठी ते ॲमलोडिपिन घेतात, आणि या गटातल्या औषधांनी काही माणसांच्या हिरड्या वाढतात, त्यातही तोंडात कीटण असेल तर जास्त. पुतणीने हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली. कित्येक वर्षं दोन दवाखान्यांत दोन फायली होत्या आणि मधे कोणी पाहिलं नव्हतं.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा व्यवहारातला गाभा तिथे आहे. हिरड्यांचे जंतू रक्तवाहिनीपर्यंत जातात का, जाऊन काय करतात, याचा शोध चालू राहील आणि राहावा. तोवर नारायणगुड्यातल्याच सरकारी प्रतिबंधक वैद्यक संस्थेत, आपण जिला आयपीएम म्हणतो तिथे, कुत्रा चावल्यावर लस घ्यायला धावणारी माणसं हिरड्यांतून रोज येणारं रक्त मात्र थुंकून मोकळी होतात. २००४ च्या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येताना दिसला, इतरांहून पाच-सहा वर्षं आधी. म्हणजे आपल्याकडे स्टॅटिन, स्टेंट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत दातांच्या खुर्चीत बसणारी माणसं पन्नाशीतच भेटणार, आणि त्यांच्या दोन डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी वाचली नाही तर इजा होणार.

ती कशी होते तेही सांगतो. दाताच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं आणि रुग्ण सिमव्हॅस्टॅटिन घेत असला, तर स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढून स्नायूंना धोका होतो. ॲटोरव्हास्टॅटिनबाबतही सांभाळावं लागतं. तोंडातल्या बुरशीसाठी लावायचं मायकोनॅझोलचं जेल साधं वाटतं, पण सिमव्हॅस्टॅटिनबरोबर तेही चालत नाही. दात काढायचा म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद केली तर स्टेंट तुंबू शकतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी संसर्ग झालेल्यांना हिरड्यांवरच्या उपचाराआधी प्रतिजैविक द्यावं लागतं. नुसता स्टेंट असलेल्यांना ते लागत नाही. यातली जवळजवळ एकही गोष्ट वादातली नाही, आणि यातली कुठलीही रुग्णाने न सांगितल्यामुळे चुकू शकते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांची नावं मात्रेसह एका कागदावर लिहा आणि दातांच्या डॉक्टरकडे जाताना तो कागद न्या. तिथे मिळालेली चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर हिरड्यांसाठी म्हणून तपासून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.